दोन सूत आत

“एकतीस वर्षं हा पाय माझं ऐकत होता; आता डबीचं ऐकतोय.”

मास्तर हे म्हणाले तेव्हा दवाखान्याच्या त्या लहान खोलीत ते आणि सिस्टर, दोघंच होती. सिस्टर हसली, म्हणून तेही हसले. त्यांचा उजवा पाय स्टुलावर लांब केलेला होता. गुडघ्याच्या जरा खाली, बाहेरच्या अंगाला हाडाचं जे बारीक बोंड हाताला लागतं, तिथे राखाडी पट्टा गुंडाळलेला होता आणि पट्ट्यावर आगपेटीएवढी डबी. डबीवरचा हिरवा दिवा लुकलुकला की पाऊल वर उचललं जायचं आणि बाहेर झटकायचं. पुन्हा दिवा, पुन्हा झटका. दर सेकंदाला एक. आपल्या पोरानं परक्याच्या हाकेला ओ द्यावी आणि आपण नुसतं बघत राहावं, तसे मास्तर त्या पावलाकडे बघत होते.

“दुखतंय का काका?”

“नाही. टिचकी मारल्यासारखं वाटतं.”

“टिचकीच आहे. इथून एक नस जाते. डबी तिला टिचकी मारते, नस स्नायूंना सांगते, पोटरी आवळते आणि खाली साचलेलं रक्त वर ढकललं जातं. माणूस चालतो तेव्हा हे आपोआप होतं. तुम्ही चालत नाही. तुम्ही नुसते उभे राहता.”

“नुसता उभा राहत नाही,” मास्तर म्हणाले. “कापतो.”

कापणं हाच त्यांचा धंदा होता. गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात ते कटिंग मास्तर होते. पहारेकऱ्यांचे खाकी, शाळांचे निळे, इस्पितळांचे पांढरे. एवढं लांब टेबल की पलीकडच्या टोकाच्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागे. त्या टेबलावर कापडाचे चाळीस-चाळीस थर अंथरायचे, वर पुठ्ठ्याचे साचे मांडायचे, खडूनं रेघ मारायची आणि कापायचं. एक चूक झाली तर ती एक राहत नाही, चाळीस होते. शिवणारा चुकला तर उसवतो. कापणाऱ्याला उसवायची सोय नसते. म्हणून मास्तरांना एक सवय होती: कात्री लावण्याआधी ते थरांवर तळहात ठेवून क्षणभर थांबायचे, पोराच्या कपाळावर हात ठेवून ताप बघावा तसे. नवीन माणसं हसायची. जुनी माणसं त्या क्षणापुरती बोलायची थांबायची. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून एक थप्पी वाया गेलेली नव्हती.

वाया गेला तो पाय. आधी संध्याकाळी मोज्याची खूण उमटायची, मग ती सकाळपर्यंत राहायला लागली. मग घोट्याभोवतीची कातडी काळपट झाली, इस्त्री जरा जास्त वेळ ठेवल्यावर कापड होतं तशी. एक दिवस टेबलाच्या पायाला घोटा घासला. खरचटलं, एवढंच. आठ महिने झाले तरी ते खरचटलेलं बुजत नव्हतं, उलट रुंद होत होतं.

डॉक्टर फार बोलणारे नव्हते. ते म्हणाले, “सहा आठवडे घरी बसायचं. पाय वर. दिवसातून सहा तास हा पट्टा. सहा आठवड्यांनी जखम निम्मी झालेली दिसली तर दिवसाला चार तास उभं राहायची परवानगी देईन. नाही झाली तर उभं राहायचं काम संपलं.”

“बसून कापता येत नाही डॉक्टर.”

“ते मला माहीत नाही. पाय मला माहीत आहे.”

मालक मास्तरांपेक्षा वीस वर्षांनी लहान होता, त्यांच्या हाताखालीच कापड ओळखायला शिकला होता. तो म्हणाला, “सहा आठवडे टेबल तुमचं, मास्तर. तोवर काजबाई सांभाळतील. पण पुढे शाळांच्या ऑर्डरी आहेत, त्यानंतर मला माणूस ठरवावा लागेल.” काजबाई म्हणजे काजं-बटणं करणारी बाई. नऊ वर्षं मास्तरांच्या शेजारी बसून, न विचारता, नुसतं बघून कापायला शिकलेली. तिनं त्यांची मोठी कात्री हातात घेतली आणि म्हणाली, “मास्तर, लवकर या. ही मला चावते.”

असे पट्टे दवाखान्यात दोनच होते. एक कुठल्या तरी दुसऱ्या पायावर, एक मास्तरांच्या. पट्टा देताना सिस्टरनं वहीत सही घेतली होती आणि दाराबाहेरच्या बाकाकडे मान केली होती. “तुमचा परत आला की तो त्या मावशींना. त्यांचे दोन्ही पाय गेलेत कामातून.”

बाकावर एक जाडजूड बाई बसली होती. दोन्ही पोटऱ्यांना बँडेज, पायात पुरुषी चपला. बसवर कंडक्टर होती. आतलं सगळं बोलणं तिच्या कानावर पडलेलं होतं. मास्तर बाहेर आले तशी तिनं त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि मोकळ्या आवाजात म्हणाली, “बसा हो मास्तर निवांत. पण सहा आठवड्यांचंच तिकीट काढलंय तुम्ही. पुढच्या स्टॉपला उतरायचं!”

मास्तरांना ती बाई आवडली. घरी जाऊन त्यांनी बायकोला तिची नक्कल करून दाखवली.

घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत खिडकीशी खुर्ची, समोर स्टूल, स्टुलावर उशी, उशीवर पाय. मास्तरांची बायको त्यांच्यासमोर जमिनीवर बसून वाटाणे सोलायची, कपड्यांच्या घड्या घालायची. पहिले दोन दिवस ती पावलाकडे बघायचं टाळत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “अहो, हा काय पाहुणा आणून बसवलाय घरात? सारखी मान हलवतोय. काय विचारलं तरी हो म्हणतोय.”

“मग विचारून घे काय विचारायचं ते. मी कधी एवढ्यांदा हो म्हटलं नव्हतं.”

त्या दिवसापासून पाऊल म्हणजे पाहुणा झालं. पाहुण्याच्या तालावर ती वाटाण्याची शेंग फोडायची. झटका, शेंग. झटका, शेंग. दुपारभर खोलीत कुणी फारसं बोलायचं नाही आणि तरी खोली रिकामी वाटायची नाही.

तीन आठवड्यांनी मास्तर तपासायला गेले. जखमेवर पारदर्शक कागद ठेवून सिस्टर पेननं तिची कड गिरवायची, घोट्याच्या जागी खूण करायची, खाली छापलेले चौकोन मोजायची. हे काम मास्तरांना आपलं वाटायचं. साचाच तो. त्या दिवशीचा साचा पहिल्यापेक्षा लहान निघाला, तिसऱ्या हिश्श्यानं लहान. सूजही उतरली होती. पोटरीवर कातडी सैल पडली होती आणि पट्टासुद्धा.

“अजून चालेल,” सिस्टर पट्ट्यात बोट घालून म्हणाली. “पण यापेक्षा सैल झाला तर लगेच या काका, धाकटा पट्टा मागवते.”

मास्तरांनी मान हलवली. त्यांनी ऐकलंही होतं. ते ऐकलं नव्हतं असं नंतर कुणालाच म्हणता आलं नाही, त्यांना स्वतःलाही नाही.

दवाखान्यातून ते थेट कारखान्यात गेले. जायची काही गरज नव्हती. आनंद झाला होता, दुसरं काय. शिलाईच्या मशिनी एकामागून एक थांबल्या. मास्तरांनी विजारीचा पाय वर केला आणि पाहुणा सगळ्यांना दाखवला. हशा पिकला.

“मास्तर, त्याला माझ्या मशिनच्या पायट्यावर ठेवा,” काजबाई म्हणाली. “तेवढी काजं निघतील फुकटात.”

“तुझी काजं वाकडी निघतात त्याचं खापर माझ्या पायावर नको.”

मग ते टेबलाशी गेले. टेबलावर निळं कापड अंथरलेलं होतं. त्यांनी त्यावर तळहात ठेवला. कापायचं नव्हतं, नुसता ठेवला. तेवढ्यात पट्टा सुटल्यासारखा खाली घसरला आणि घोट्यावर, बँडेजवर जाऊन बसला. दिवा लुकलुकत होता, पाऊल गप्प. सगळे बघत होते. मालक हसत म्हणाला, “काय हो मास्तर! सगळ्या गावाची फिटिंग तुमच्या हातची, आणि स्वतःचाच पट्टा ढगळ?”

तो प्रेमानंच म्हणाला होता. मास्तरही हसले. पट्टा वर ओढून हातानं धरून ते बाहेर पडले, आणि घरी पोचेपर्यंत तो हातानं धरूनच चालत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायको बहिणीकडे गेली होती. मास्तर खिडकीशी बसले. पट्टा पायाला बांधून त्यांनी सैल भाग दोन बोटांत चिमटला. किती जास्त आहे हे बघायला त्यांना टेप लागली नाही. दोन सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग; परक्या माणसाला तो दिसतही नाही, शिंप्याला तो रात्रभर टोचतो. कपडा सैल झाला म्हणून तो दुसऱ्याकडे घेऊन जायचा, हे त्यांच्या डोक्यात बसणंच शक्य नव्हतं. आयुष्यभर शेजारपाजारची माणसं सैल झालेले कपडे घेऊन त्यांच्याकडे आली होती.

त्यांनी सुई निवडली, सगळ्यात बारीक. दोरा राखाडी, पट्ट्याशी मिळता, उजेडात धरून जुळवलेला. पट्टा उलटा केला, खडूनं दोन रेघा मारल्या, मधला भाग आत दुमडला. मग सवयीप्रमाणे तळहात ठेवून थांबले. पट्टा त्यांच्याच पायाच्या उबेनं कोमट होता. हाताला काहीही वावगं लागलं नाही. कापडाच्या दोन पदरांमध्ये, केसाहून बारीक, एक चकचकीत रेघ डबीपासून कातडीपर्यंत गेलेली होती. ती हाताला लागण्यासारखी नव्हतीच. तळहाताला कापड कळतं.

चौदा टाके घातले. उलटीकडून दिसावेत, सुलटीकडून दिसू नयेत असे. पट्टा पायाला बांधला. असा बसला की जणू पोटरीवरच विणला होता. त्यांनी डबीचं बटण दाबलं.

दिवा लागला. लुकलुकला. पाऊल हललं नाही.

त्यांनी जोर वाढवायचं बटण दाबलं, शेवटपर्यंत. दिवा लुकलुकत होता. पाऊल उशीवर पडून होतं, दुकानाच्या काचेत मोजा घालून दाखवायला ठेवतात तसलं. मास्तरांनी पट्टा काढला, चौदाच्या चौदा टाके ब्लेडनं उसवले, पट्टा सरळ केला, पुन्हा बांधला. काही नाही. उसवता येतं ही शिवणाऱ्यांची सोय. आज ते शिवणारे झाले होते आणि तरी ती सोय त्यांना मिळाली नाही. पट्ट्यावर अठ्ठावीस भोकं उरली होती. ती तशी उघडी बघवेनात, म्हणून त्यांनी त्याच भोकांतून पुन्हा चौदा टाके घातले. आधीपेक्षाही सुबक.

जिन्यावर बायकोच्या चपलांचा आवाज आला. दार उघडायच्या आत मास्तरांनी पाऊल वर उचललं आणि बाहेर झटकलं. मग पुन्हा.

“पाहुण्यानं त्रास नाही ना दिला?” ती पिशवी ठेवत म्हणाली.

“नाही,” मास्तर म्हणाले, आणि तिसऱ्यांदा झटकलं.

हे त्यांनी आधी ठरवलेलं नव्हतं. पण एकदा झटकल्यावर थांबायचं कसं, हे त्यांना कळेना. ती समोर बसली की पाऊल हलवायचं, उठून आत गेली की थांबवायचं, परत आली की सुरू. एका तासात नडगीचा स्नायू दगडासारखा झाला. डबीला हे सहा तास जमत होतं. मास्तरांना वीस मिनिटं नीट जमत नव्हती. आणि डबी चुकत नव्हती; मास्तर चुकत होते. कधी लवकर, कधी उशिरा. ते आपल्याच पायाची नक्कल करत होते आणि ती नक्कल वाईट होती.

त्या आठवड्यात गुरुवारी ते दवाखान्यात गेले. बायकोला म्हणाले, पाय मोकळे करून येतो. खिशात पट्टा होता, ओठांवर वाक्य तयार होतं: सिस्टर, माझ्याकडून एक चूक झाली. बाकावर कंडक्टरबाई बसली होती. तिचं बँडेज ओलं झालेलं होतं.

“अरे! आज कसे आलात? आधीच उतरताय की काय?” तिचा चेहरा उजळला. “चांगलं चाललंय ना मशिन? मी घरी सांगून ठेवलंय, आता थोडेच दिवस.”

“चांगलं चाललंय,” मास्तर म्हणाले. आणि आत न जाता परत फिरले.

बँडेज रोज बायकोच बदलायची. चौथ्या आठवड्याच्या शेवटी तिला जखमेच्या कडा पुन्हा ओलसर दिसायला लागल्या. तिनं नवं बँडेज बांधलं. एका दुपारी ती समोर बसून शेंगा सोलत होती. आता ती तालावर सोलत नव्हती. कधीपासून नव्हती, ते मास्तरांच्या लक्षात आलं नव्हतं. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग पावलाकडे, मग पुन्हा घड्याळाकडे. बराच वेळ. शेवटी शेंगांकडे बघतच म्हणाली,

“दमला असेल तो. थांबू दे थोडा.”

मास्तरांचं पाऊल हवेतच थांबलं. डबी कधी दमत नाही. हे तिलाही माहीत होतं, त्यांनाही. त्यांनी पाऊल हळूच उशीवर टेकवलं. ती उठली, उशी नीट केली, पाय जरा वर सरकवला आणि आत गेली. त्यानंतर तिच्यासमोर त्यांनी पाऊल हलवलं नाही, आणि तिनंही पाहुण्याची चौकशी केली नाही. खोली रिकामी वाटायला लागली.

सहावा आठवडा संपला त्या सकाळी मालकाचा फोन आला. “मास्तर, उद्यापासून शाळांचं कापड अंथरतोय. येताय ना? चार तास तर चार तास.” मागून काजबाईचा आवाज ऐकू आला: “कात्रीला धार लावून ठेवलीय म्हणावं!”

“आज बघतो,” मास्तर म्हणाले.

दवाखान्यात सिस्टरनं बँडेज सोडलं, कागद ठेवला आणि कड गिरवली. मग फाइलमधून पहिल्या दिवसाचा कागद काढून त्यावर ठेवला आणि दोन्ही उजेडात धरले. तिच्या कपाळावर आठी पडली, पण आवाज तिनं सांभाळला. “कमी नाही झालेली काका. पण वाढलेलीही नाही. पहिल्याएवढीच आहे. डॉक्टरांना मी सांगून बघते, अजून दोन आठवडे देतील कदाचित.”

मास्तर कागदांकडे बघत होते. कागद चुकीचे ठेवले होते. वरचा साचा जरासा तिरका गेला होता. ते गप्प बसू शकले असते. दोन आठवडे मिळाले असते, टेबलही कदाचित दोन आठवडे थांबलं असतं. पण साचा साच्यावर तिरका पडलेला त्यांना बघवेना, त्यांचं बोट आपोआप पुढे झालं.

“घोट्याची खूण घोट्यावर ठेवा,” ते म्हणाले, आणि वरचा कागद सरकवला.

खुणेवर खूण बसली. आणि नवी रेघ जुन्या रेघेच्या बाहेर आली. एका बाजूला नव्हे, चहूबाजूंनी. कुठे एक सूत, कुठे दीड.

सिस्टरनं कागद खाली ठेवले. “असं कसं? तिसऱ्या आठवड्यात तर एवढी छान भरत होती. पट्टा बघू.”

तिनं पट्टा हातात घेतला, बटण दाबलं, स्वतःच्या मनगटावर धरला. मग आतून बोट फिरवलं, आणि बोट एका जागी थांबलं.

“हे काय आहे? शिवलंय का हे?” तिनं पट्टा खिडकीशी नेला. “बाहेरून टाके दिसतसुद्धा नाहीत. कुणी शिवलं इतकं सुंदर?”

“मी.”

“कधी?”

“तीन आठवडे झाले. सैल होत होता.”

“मग तीन आठवडे पाय हलत नव्हता?”

“हलत होता,” मास्तर म्हणाले. “मी हलवत होतो.”

सिस्टरला आधी हसू आलं, मग ते अर्ध्यावर थांबलं. ती खुर्चीत बसली. पट्टा तिच्या मांडीवर होता. “काका, मी म्हटलं होतं ना, सैल झाला तर या. धाकटा पट्टा आला असता. यातली तार तुटलीय. हा दुरुस्त होत नाही. नवा मागवला तर तीन-चार महिने. आणि बाहेर त्या मावशी...” तिनं पट्टा टेबलावर ठेवला. मग आत जाऊन डॉक्टरांना सगळं सांगून आली, आणि खाली बघत, पाठ केल्यासारखं म्हणाली, “उभं राहायचं काम बंद करायला सांगितलंय. कायमचं. बँडेज, औषधं आणि पाय वर. बसून काही करता येईल का ते बघा, म्हणाले.”

“शिवता येईल,” मास्तर म्हणाले.

सिस्टरनं वर पाहिलं. त्यांनी ते कडवटपणानं म्हटलं होतं की नुसतं सांगितलं होतं, तिला कळलं नाही. तिनं बँडेज बांधलं. मास्तरांनी पट्ट्याची घडी घातली, टाके आतल्या बाजूला येतील अशी, आणि टेबलाच्या कडेला ठेवली. त्यावर तळहात ठेवून ते क्षणभर थांबले. मग विजारीचा पाय खाली केला.

त्यांनी दार उघडलं. बाकावरची कंडक्टरबाई काठीला धरून उभी राहिली होती. नवं बँडेज, धुतलेली साडी, हातात मोठी पिशवी. आत सिस्टरनं डोक्याला हात लावला होता. बाईला ते दिसलं नव्हतं.

“झालं का मास्तर?” ती हसत म्हणाली. “चला, पुढे चला! मागच्यांना जागा द्या!”

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. मग एका बाजूला झाले, तिला आत जायला वाट करून दिली, आणि बाहेर निघून गेले.